डाग की दाब

मामा, परवा तुमचं गोडजेवण झालं. पाहुणे गेले, अंगणातला मांडव निघाला, आत्याबाई पहिल्यांदा गाढ झोपल्या आणि आज सकाळी मी पडेगावचं दुकान उघडलं. तुमचा विलास म्हणाला, राहू दे की थोडे दिवस, घाई काय आहे. त्याला काय सांगू? घाई आहे. तुमच्यामाझ्यात एक भांडण अर्धं राहिलंय आणि ते घरात बसून मिटत नाही. तुमच्या फोटोसमोर मी रडले, लई रडले. पण रडता रडता मध्येच तुमचा तो 'एक थेंब' आठवायचा आणि डोकं तापायचं. भेटायला आलेल्या बायकांना वाटायचं, सुनेला हुंदका आवरेना. आता त्यांना थेंबाचं काय सांगणार?

तर बोलते. लिहूनच, पण पहिल्यापासून बोलते. तुम्ही मला कधी एक वाक्य पुरं करू दिलं नाही, आज करू द्या.

लग्न होऊन आले तेव्हा मी वाळूजच्या एका कारखान्यात होते. मोटारीच्या पोटात तारांचा जो भलामोठा जुडगा असतो, तो आम्ही बायका ओळीनं उभ्या राहून बांधायचो. तारेचं टोक सोलायचं, त्यावर थिंबल चढवायची, म्हणजे तांब्याची छोटी टोपीच, ती मशीननं दाबायची आणि ओढून बघायची. सासऱ्यासमोर फार बोलू नको असं देवगाव रंगारीहून निघताना आईनं बजावलं होतं. दुसऱ्याच दिवशी जेवताना तुम्ही विचारलंत, कंपनीत काय करतीस? मी म्हटलं, तारा जोडते. सगळी उमर ट्रकांच्या तारा जोडण्यात गेलेला माणूस तुम्ही. तुमचे डोळे असे चमकले की आत्याबाईंनी वाढता वाढता वर बघितलं.

"म्हंजे डाग देतीस?" तुम्ही विचारलंत.

"नाय मामा. दाबते."

हातातला घास तुम्ही ताटात परत ठेवलात. "दाबून कुठं तार जोडली जाती का?"

झालं. आईचं बजावणं तिथंच संपलं. मी भाकरी बाजूला सारून तुम्हाला समजावू लागले, की नीट दाबलं तर तार आणि थिंबल एकजीव होतात, मध्ये हवासुद्धा शिरत नाही. तुम्ही म्हणालात, कथील वितळवून तारेवर ओतल्याशिवाय ती एकजीव होतच नसते. दाबणं म्हणजे नुसतं धरून ठेवणं. विलास एकदा तुमच्याकडं बघायचा, एकदा माझ्याकडं. आत्याबाई म्हणाल्या, आमटी निवायली. त्या दिवसापासून आपल्या घरात हे दोन शब्द राहायला आले. तुमचा डाग, माझा दाब.

पुढं कारखान्यानं आमची पाळी कमी केली, मग बंदच केली. मी घरी बसले. कंटाळून कंटाळून मी घरातल्या मिक्सरची वायर उघडून बसले होते, तेव्हा तुम्ही दारात उभे राहिलात आणि म्हणालात, हितं मिक्सर फोडण्यापेक्षा दुकानात ये. आत्याबाईंनी तोंड वाकडं केलं. ट्रकवाल्यांच्या दुकानात सून? लोक काय म्हणतील? तुम्ही चपला घालता घालता म्हणालात, लोक म्हणतील गाडीचे दिवे लागले. आणि निघालात. मी मागं बघितलंच नाही, तुमच्यामागं निघाले.

काय दिवस होते, मामा. सकाळी शटर वर केलं की कुठली गाडी दारात उभी असेल ते ठाऊक नसायचं. कापसाचा ट्रक, विटांचा टेम्पो, शाळेची बस. कारखान्यात मी दिवसभर एकच तार बघायचे. इथं रोज नवी अडचण. तुम्ही गाडीखाली, मी दिव्यापाशी, आणि दोघांची तोंडं अखंड चालू. शेजारच्या टपरीवरचे सलीमभाई म्हणायचे, "मामा, तुम्हारे यहाँ रेडिओ लगाने की जरूरतच नहीं."

पण खरी मजा संतोषच्या जीपनं आणली. पाचोडचा संतोष, मोसंबीच्या बागा सांभाळून जीपचा नाद करणारा. हौशी जीपवाल्यांची स्पर्धा दौलताबादच्या पुढं टेकड्यांत होती. ओढा ओलांडायचा, खडकातून चढायचं, वर निशाणापाशी पोचायचं. संतोषची जुनी पेट्रोल जीप दर सरावाला अर्ध्या चढावर बंद पडायची. इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाची तार तुटत होती. तुम्ही तिला डाग दिलात. असा सुरेख डाग, चांदीच्या मण्यासारखा, की संतोषनं मोबाईलमध्ये फोटो काढला. पुढच्या सरावाला जीप पुन्हा चढावर उभी.

तुम्ही तारेला शिव्या घातल्यात. म्हणालात, तांबं हलकं हाय, आजकाल तारच चांगली मिळत नाय. मी ते टोक हातात घेऊन बघितलं. तुमचा मणी जसाच्या तसा होता. तार मण्याच्या कडेला तुटली होती, बरोबर जिथं कथील संपतं तिथं. कथील तारेच्या धाग्यांमधून आत चढतं आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. गाडी हादरली की सगळा वाक ताठ आणि मऊ भागाच्या शिवेवर येतो, आणि तिथं ती मोडते. मी हे सांगितलं तर तुम्ही म्हणालात, तुझं तोंड लई चालतं, हात चालव.

आणि मग तुम्हीच ती युक्ती काढलीत. भंगारातून बसच्या वायपरची मोटर आणलीत, फळीवर ठोकलीत आणि तिच्या दांड्याला तीन तारा बांधल्यात. एकीत नुसता पीळ आणि वर टेप, एकीत तुमचा डाग, एकीत माझा दाब. प्रत्येक तारेला एक बल्ब. दांडा इकडून तिकडं, तिकडून इकडं तारा वाकवत राहणार, आणि ज्याचा बल्ब आधी विझेल तो हरला. मामा, ती फळी चालू झाली आणि मी बारावीच्या निकालासारखी बल्बांवर नजर लावून बसले. ट्रकवाले गाड्या उभ्या करून बघायला आले. सलीमभाईंनी चहाच्या पैजा घेतल्या. पिळाचा बल्ब तर मिणमिणतच गेला, सगळे हसले. मग उरलो आपण दोघं.

आणि माझा बल्ब विझला.

काय गोंधळ उडाला तेव्हा. एक ड्रायव्हर तर तुम्हाला उचलायलाच निघाला होता. मी तार ओढली, ती थिंबलमधून लोण्यातून निघावी तशी निघून आली. कारण समोरच होतं. थिंबल जाड तारेची, तार बारीक, आणि दाबायला साधी पक्कड. मी म्हटलं, अवजार बरोबर नव्हतं. तुम्ही म्हणालात, "कारखान्याची मशीन हितं नाय आणायची. आपल्या हातानं जे हुतं तेच खरं."

मी दुसऱ्या दिवशी पैठण गेटला गेले आणि दुकानांमागून दुकानं पालथी घालून दाबायचा खरा पाना आणला. पूर्ण दाब बसल्याशिवाय ज्याचं तोंडच उघडत नाही तो. तारेच्या मापाच्या तांब्याच्या नळ्या आणल्या. आतून डिंक असलेल्या स्लीव्ह आणल्या, ज्या गरम केल्या की तारेला घट्ट बसतात आणि पाणी आत जाऊ देत नाहीत. तुम्ही पाना हातात घेऊन उलटसुलट बघितलात, दोनदा उगाच दाबलात. आवडला होता तुम्हाला.

पुन्हा फळी. पुन्हा गर्दी. या वेळी मी नळीत दोन्ही तारा घालून दाबल्या, ओढून बघितल्या, वर स्लीव्ह चढवली. तुम्ही नवा डाग दिलात. बराच वेळ दोन्ही बल्ब लागलेले. लोक कंटाळून जायला लागले. आणि मग तुमचा बल्ब लुकलुकला, पुन्हा लागला, पुन्हा लुकलुकला आणि गेला. सगळे तुमच्याकडं बघायला लागले. तुम्ही मोटर बंद केलीत, तारेचं वरचं कातडं ब्लेडनं सोललंत आणि उन्हात धरून बघत बसलात. धागे बरोबर कथलाच्या कडेला तुटलेले. मला वाटलं आता तुम्ही चिडणार. तुम्ही वर बघितलंत तर चेहऱ्यावर हसू. असं हसू मी फक्त नातवाच्या बारशाला बघितलंय.

"परत लाव," तुम्ही म्हणालात. "ह्या बारीला माझ्या तारेला आधार दे. डागाच्या दोन्ही अंगाला बांध तिला, म्हंजे त्या जागी वाकणारच नाय."

बांधली. संध्याकाळी शटर ओढायची वेळ झाली तरी दोन्ही बल्ब चालू. सलीमभाई म्हणाले, अब पैसा वापस या चाय? कुणालाच कळेना कोण जिंकलं. तुम्ही शटरला हात लावून उभे होतात. "तुझं खरं हाय," तुम्ही म्हणालात. "पर माझंबी खोटं नाय, पोरी. डाग दिलेली तार हलू द्यायची नाय, एवढंच."

त्या जीपचं काम करताना जी मजा आली ती पुन्हा येणार नाही. तुम्ही म्हणालात, आधी जोडच मोज, जिथं लागत नाय तिथं देऊ नको. मग आपण ठिगळं लावलेल्या जुन्या तारा उपसून काढल्या आणि जमेल तिथं टोकापासून टोकापर्यंत अखंड तार ओढली. सीटखालच्या पंपाला, जिथं हादराही बसतो आणि ओढ्याचं पाणीही येतं, तिथं दाब आणि डिंकाची स्लीव्ह. डॅशबोर्डवरच्या काट्यांच्या मागं, जिथं तारा घट्ट बांधलेल्या असतात आणि हलत नाहीत, तिथं डाग. प्रत्येक जोडाला तुम्ही विचारायचात, "तुला काय वाटतं?" मामा, कारखान्यात मी इतकी वर्षं तारा दाबल्या, पण मला काय वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं. मशीन लावलेली असायची, मी पायानं पेडल दाबायचे. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगू सांगू म्हणून राहून गेलं.

आणि स्पर्धेचा दिवस. संतोषचा जोडीदार ऐनवेळी तापानं पडला. शेजारची सीट रिकामी. संतोष तुमच्याकडं बघायला लागला, तर तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. "हिला बसव. तार तुटली तर जाग्यावर जोडंल."

मला वाटलं थट्टा आहे. तुम्ही माझ्या डोक्यावर हेल्मेट ठेवून पट्टा ओढतही होतात. विलास म्हणाला, अहो दादा, आईला काय सांगायचं? तुम्ही म्हणालात, तिला मी सांगतो. आणि मी साडीचा पदर खोचून जीपमध्ये बसले. देवगाव रंगारीची मी, बैलगाडीत बसून शाळेत गेलेली.

ओढ्यात जीप शिरली तेव्हा पाणी माझ्या पायांवरून गेलं. मी फक्त ऐकत होते. पंपाचा तो गुणगुणता आवाज. चालू आहे, चालू आहे, चालू आहे. पाण्यातून बाहेर आलो, पंप चालू. खडक लागले, माझे दात एकमेकांवर आपटत होते, पंप चालू. मी ओरडून संतोषला म्हणाले, आपला जोड टिकला. आणि शेवटच्या चढावर, वरचं निशाण दिसत असताना, पंपाचा आवाज गेला. इंजिन खोकललं आणि बंद.

हँडब्रेक ओढून संतोष माझ्याकडं बघायला लागला. खाली लोक ओरडत होते. मी सीट उचलली, हात घातला. माझा दाब जागेवर होता, ओढला तरी हलेना. मग हात पुढं गेला आणि कळलं. पंपाची अर्थची तार, जी गाडीच्या लोखंडाला जोडलेली असते, ती बोल्टाखालच्या थिंबलमधून निसटली होती. आधीच्या कुणा मिस्त्रीनं पक्कडीनं चेपलेली ती जुनी थिंबल आपण दोघांनीही बघितली नव्हती. पाना तुमच्याकडं, खाली. डाग द्यायची सोल्डर गन दुकानात. माझ्या ओटीत एक ब्लेड आणि टेपचा तुकडा. शेजारून एका दिव्याची अर्थची तार जात होती. मी ती ब्लेडनं सोलली, दोन्ही तारांना पीळ मारला, टेप गुंडाळली. तोच पीळ, ज्याला आपण दोघं हसलो होतो. संतोषनं चावी फिरवली. पंप गुणगुणला.

आपली जीप तिसरी आली. पहिल्याला टाळ्या पडल्या त्याहून जास्त आपल्याला पडल्या, कारण तुम्ही चढावरून टोपी हातात घेऊन पळत आलात आणि तुमच्यामागं निम्मे लोक. तुमचा पहिला प्रश्न कितवे आलो हा नव्हता.

"काय केलंस?"

"पीळ मारला, मामा."

तुम्ही हसत सुटलात ते खाली दगडावरच बसलात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. विलासला आधी वाटलं तुम्हाला काही होतंय. मग एकदम उठलात, खिशातून पाना काढलात आणि म्हणालात, "काढ तो. आत्ताच्या आत्ता. चालला म्हणून त्याच्यावर गाडी घरी न्यायची नाय." लोक पेढे वाटत होते आणि आपण दोघं सीटखाली डोकं घालून नवी थिंबल दाबत होतो.

घरी जाताना तुम्ही तो मुद्दा काढलात. त्या निसटलेल्या थिंबलमध्ये दाबल्यावर वरून कथलाचा एक थेंब टाकला असता तर ती निसटली नसती. दाब पण आणि डाग पण. मी म्हटलं, थेंबानं तार पुन्हा ताठ होणार, आणि दाबलेला जोड बिघडणार. मुळात नीट दाबलेली असती तर थेंब कशाला? त्यावर आपण पुढचे कितीतरी दिवस भांडलो. जेवताना, दुकानात, आत्याबाईंच्या हरिपाठातसुद्धा. शेवटच्या रात्री जेवून उठताना तुम्ही म्हणालात, "उद्या करून दाखवतो, मग बोल." मी म्हटलं, दाखवा.

सकाळी चहा घेऊन आले तर तुम्ही खाटेवर बसलेले, भिंतीला टेकून. डॉक्टर म्हणाले, झोपेतून उठताच गेले, त्रास झाला नसेल. सगळे म्हणाले, असं मरण नशीबवानाला येतं. येत असेल. मला मात्र तेव्हा तुमचा इतका राग आला, मामा. असं कुणी करतं का? उद्या दाखवतो म्हणून?

म्हणून आज आल्या आल्या मी फळी काढली. एका तारेला नुसता दाब. दुसरीला दाब आणि तुमचा थेंब. तुमच्याच गननं दिला, तुम्ही देता तसा, वरच्या अंगानं, हलका. मोटर चालू केली. सलीमभाई स्टूल घेऊन येऊन बसले. माझं लक्ष घडीघडी दाराकडं जात होतं. बल्ब विझला तर ओरडणार कुणासमोर?

थेंबाचा बल्ब आधी गेला. सोलून बघितलं, धागे थेंबाच्या कडेला तुटलेले. मी जिंकले, मामा. सलीमभाईंनी चहा पुढं केला आणि मी तो तसाच बाजूला ठेवला. कारण मला स्वच्छ ऐकू येत होतं तुम्ही काय म्हणाला असतात. आधार दिलतास का?

नव्हता दिला.

मी डोळे पुसले आणि दुसरी तार घेतली. दाबली, थेंब टाकला आणि या वेळी दोन्ही अंगांना बांधली. पुन्हा मोटर लावली. हे लिहितेय तेव्हा दोन्ही बल्ब चालू आहेत. थेंबानं फायदा काय झाला ते मला अजून पटलेलं नाही. पण तुमचं खोटंही नाही. मी भांडत राहणार आहे तुमच्याशी, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. आणि ते पेडलचं राहिलेलं, तेही सांगून झालं.

मघाशी एक नवखा ड्रायव्हर आला होता. दारात एकच दिवा लागणारा टेम्पो, त्याला पुढं लांब जायचं होतं. त्यानं आत वाकून बघितलं, मला बघितलं आणि जरा घुटमळला. सलीमभाई काहीतरी सांगायला उठत होते.

"तार जोडणारे मामा हितंच का?" त्यानं विचारलं.

"व्हय, इथंच," मी म्हणाले. "घ्या गाडी आत."